बोगद्याच्या तोंडाशी इंजिन बंद

सकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना सुहैमी स्टेशनच्या पत्र्याखाली वाळू चाळत होता.

लेबोंग कीरीत ज्याला स्टेशन म्हणतात ते म्हणजे चार खांब, वर पत्रा आणि त्याखाली येऊन संपणारे दोन रूळ. खाणीतलं सोनं डोंगराखाली न्यायला डचांनी घातलेले. कंपनी बंद झाली, डच गेले, रूळ राहिले. आता त्यांच्यावरून मोलेक धावते: ट्रकमधून काढलेलं डिझेल इंजिन, फळ्यांचा डबा आणि एक लांब दांड्याचा ब्रेक. गावाला दुसरा रस्ता नाही. तांदूळ मोलेकनं येतो, अडलेली बाई मोलेकनं खाली जाते आणि हल्ली जुनं खाणगाव बघायला शहरातून माणसं येतात तीही मोलेकनंच.

रात्री वरच्या डोंगरात पाऊस झाला होता. नदी लाल झाली होती आणि फुगली होती. ओल्या रुळावर चाक धरत नाही, म्हणून चालक वाळू बरोबर ठेवतात आणि उतारावर मुठीमुठीनं पुढे टाकतात. सुहैमी आज नेहमीच्या दुप्पट वाळू चाळत होता.

रोहिमा, त्याची बायको, मागून आली आणि काहीतरी म्हणाली. तो चाळतच राहिला. मग ती वळसा घालून त्याच्या समोर आली, तोंड नीट दिसेल अशी उभी राहिली आणि पुन्हा म्हणाली, "अबांग, आज मला यायला जमणार नाही." अबांग ही इथली नवऱ्याला मारायची हाक.

चाळण थांबली.

"सार्कमकाकांना जाऊन आज सातवा दिवस. संध्याकाळी तहलीलची प्रार्थना झाली की अख्खं गाव जेवायला आहे. मी चुलीपाशी नसले तर बायका मला पुढच्या ईदपर्यंत ऐकवतील."

"आणि पाहुणे? चारची बस आहे त्यांची खालून."

"हेंगकीला सांगा ना."

"हेंगकी पहाटेच त्याची मोलेक घेऊन गेलाय तांदूळ आणायला. दुपारी भरून वर येईल."

"म्हणजे तुम्ही उतरताना तो चढत असणार."

"असणारच."

रोहिमानं नदीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मग दुसऱ्या कुणाला तरी पुढे बसवा. तोहिरचा जावई मोकळाच असतो."

"त्यापेक्षा मशिदीच्या भोंग्यावरूनच सांग ना सगळ्यांना," सुहैमी म्हणाला आणि पुन्हा वाळू चाळू लागला.

भीती कशाची होती ते या मार्गावर राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. रूळ एकेरी आहेत. वाटेत दोन मोलेक समोरासमोर आल्या तर जी रिकामी किंवा हलकी असेल ती माणसांनी उचलून रुळाबाजूला ठेवायची, हा रिवाज. उघड्यावर समोरची मोलेक लांबून दिसते, त्यामुळे तिथे अडचण नाही. अडचण लांब बोगद्यात आहे. तो मधेच वळतो, त्यामुळे या तोंडातून त्या तोंडाचा उजेड दिसत नाही. तिथे सिग्नल नाही, फोन लागत नाही. तिथला नियम असा: तोंडाशी थांबायचं, इंजिन बंद करायचं, लोखंडी कांबीनं रुळावर तीन ठोके द्यायचे आणि ऐकायचं. पलीकडून ठोके आले किंवा आत इंजिन घुमताना ऐकू आलं तर वाट पाहायची. काहीच ऐकू आलं नाही तर निघायचं. ब्रेक हातानं धरतात पण चालवतात कानानं, असं इथले जुने चालक म्हणतात.

सुहैमीचे कान गेले होते. एकदम नाही. तरुणपणी त्याच्या घराखाली सोन्याचा दगड दळणारी लोखंडी पिंपं होती, ओढ्याच्या चाकावर दिवसरात्र फिरणारी. त्यानंतर तीस वर्षं सायलेन्सर नसलेल्या इंजिनाशेजारी बसणं. आधी पाखरं गेली, मग मशिदीची बांग, मग समोर नसलेल्या माणसाचं बोलणं. दोन वर्षांपूर्वी एकदा त्यानं बोगद्याशी ठोके दिले, काही आलं नाही म्हणून ब्रेक सैल केला आणि त्याच क्षणी शेजारी बसलेल्या रोहिमानं त्याचा दंड धरला. आतून मोलेक येत होती. तिला ती ऐकू येत होती. त्याला नाही.

त्या दिवसापासून रोहिमा रोज त्याच्याबरोबर जाऊ लागली. मांडीवर टोपली, टोपलीत केळ्याचे काप आणि बांबूत भाजलेला चिकट भात, लेमांग. गावाला वाटलं, बाईला धंद्याची हौस आली. बोगद्याशी इंजिन बंद झालं की ती ऐकायची. टोपलीचं झाकण उघडून ती प्रवाशांना काप विकायला लागली की वाट मोकळी. झाकण बंद असेल तोवर सुहैमी रुळाकडे बघत बसायचा, चालकानं बसावं तसा.

हे कुणाला कळलं असतं तर त्याच दिवशी ब्रेक गेला असता. चालकांच्या मंडळीचा नियम तसा आहे: ज्याला ठोका ऐकू येत नाही त्यानं ब्रेक धरायचा नाही. एका अपघातानंतर हा नियम झाला आणि तो पहिल्यांदा वाक तोहिरला लागला. वाक म्हणजे थोरला काका; वयस्कर चालकाला इथे सगळे वाकच म्हणतात. तोहिरला बोगद्याच्या एका तोंडाशी पाठ करून उभं केलं, दुसऱ्या तोंडाशी कांब घेऊन सुहैमी उभा राहिला. सुहैमीनं चार वेळा ठोके दिले. तोहिरनं एकदाही हात वर केला नाही. आता तोहिर स्टेशनवर दिवसभर बसून कोण आलं, कोण गेलं ते सांगतो. त्याला कुणी विचारत नाही.

पाहुणे आठला तयार झाले. सात माणसं होती, त्यात पुढाकार बू वार्दियांचा; बू म्हणजे बाई, वडीलधारीला मानानं म्हणतात. त्या पालेंबांगच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचे आजोबा जावाहून करारावर या खाणीत आले होते. बरोबर भाचा फहमी, गळ्यात कॅमेरा, पायात पांढरे बूट. बाकीचे त्यांचे शेजारी.

"हे बूट संध्याकाळी ओळखू येणार नाहीत," सुहैमी म्हणाला.

"म्हणून तर सकाळीच फोटो काढलाय त्यांचा," फहमी म्हणाला. सगळे हसले. सगळे हसले म्हणून सुहैमीही हसला.

गाव दाखवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, असं पाहुणे लिहून जातात. त्याचं कारण असं की तो बोलायचा थांबत नाही. थांबला तर कुणीतरी प्रश्न विचारणार. विजेचं घर आलं: आत डच टर्बाइन, तिच्या पात्यांतून नेचे उगवलेले, आणि सुहैमीचं बोलणं सुरू. मग साहेबाचा बंगला. त्याच्या आता नुसत्या नऊ पायऱ्या राहिल्यात, त्या चढून गेलं की समोर केळीची बाग. मग सिनेमाघराची फरशी, तिच्यावर कॉफी वाळत घातलेली. "इथं शनिवारी नाच व्हायचा. साहेबांच्या बायका राजधानीहून, बाताव्हियाहून कपडे मागवायच्या. आपली माणसं बाहेर भिंतीला कान लावून बाजा ऐकायची." हे वाक्य तो वर्षानुवर्षं म्हणत आला होता. आज ते म्हणताना मधेच अडखळला.

कामगारांच्या कबरींशी बू वार्दिया बराच वेळ उभ्या राहिल्या. दगडांवर नावं नाहीत. आजोबा यातले नव्हते, ते परत गेले होते, पण त्यांचा भाऊ गेला नव्हता. त्यांनी कुठल्याशा एका दगडावर पाणी ओतलं आणि बाटली पिशवीत ठेवली.

या सगळ्या वेळात सुहैमीनं नदीकडे किती वेळा पाहिलं ते फहमीच्या लक्षात आलं. "वाक, पूर येणार का?"

सुहैमी त्याच्या तोंडाकडेच बघत होता, म्हणून कळलं. "पूर नाही. आवाज."

"आवाजाचं काय?"

सुहैमी पुढे चालू लागला होता.

चौथ्या पातळीची खाण ही शेवटची. डोक्यावर दिवे बांधून ओळीनं आत जायचं, पायाखाली पाणी, बाजूला कंपनीच्या काळातले कुजलेले लाकडी टेकू. शेवटी जिथे भिंत बंद होते तिथे सुहैमी सगळ्यांना थांबवतो आणि दिवे बंद करायला सांगतो. डोंगराच्या पोटातून पाण्याचा एक थेंब खालच्या डबक्यात पडतो, थोडं थांबून दुसरा. पाहुण्यांना ही जागा सगळ्यात आवडते. पूर्वी त्यालाही आवडायची.

दोन वर्षांपासून तो स्वतःचा दिवा बंद करत नाही, फक्त हातानं झाकतो. बोटांमधून झिरपणाऱ्या उजेडात तो पाहुण्यांचे चेहरे बघतो. थेंब पडला की चेहरे हलतात. मग तो म्हणतो, "ऐकलंत? ऐंशी वर्षांपूर्वीही असाच पडत होता."

आज त्याचं मन तिथे नव्हतं. त्यानं सवयीनं दिवा पुरताच विझवला. अंधारात बू वार्दियांनी विचारलं, "वाक, इथे माणूस अडकला तर बाहेरच्यांना कळायचं कसं?" उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. उत्तर नाही. फहमीनं दिवा लावला, तर सुहैमी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होता, शांत चेहऱ्यानं, थेंब पडायची वाट बघत असल्यासारखा.

"ऐकलंत?" तो म्हणाला. "ऐंशी वर्षांपूर्वीही असाच पडत होता."

बाहेर आल्यावर बू वार्दिया भाच्याला हळूच म्हणाल्या, "तुझ्या काकांचं शेवटच्या वर्षात असंच व्हायचं." फहमीला कळलं नाही. त्याच्या बुटांचा रंग गेला होता आणि तो त्याचंच बघत होता.

दीड वाजता मोलेक निघायची. रोहिमा हाताला हळद तशीच घेऊन स्टेशनवर आली. टोपली तिनं बू वार्दियांच्या मांडीवर ठेवली.

"तुम्ही पुढे बसा, बू. इथून दरी दिसते. वाटेत खा सगळ्यांनी."

"अगं, किती झाले?"

"काही नाही झाले. एक सांगते. लांब बोगद्याशी हे इंजिन बंद करतील तेव्हा जरा लक्ष द्या. आत काही घुमल्यासारखं वाटलं तर यांच्या खांद्याला हात लावा."

बू वार्दियांनी तिच्याकडे पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या.

स्टेशनवर बसलेला तोहिर ओरडून म्हणाला, "काय रे सुहैमी, आज मालकीणबाईंनी सोडलं वाटतं एकट्याला? परत आला नाहीस तर मोलेक माझ्या नावावर करून जा!" सुहैमीनं हात हलवला. तोहिरला काय हवं असतं ते ऐकावं लागत नाही.

उतार सुरू झाला तसा नदीचा काठ जवळ आला. पाणी दगडांवर आपटत होतं. सुहैमीचा एक हात ब्रेकच्या दांड्यावर, दुसरा वाळूच्या डब्यात. एरवी त्याच्याजवळ आणखी एक उपाय असायचा: बोगद्याशी रुळावर तळवा टेकवायचा. आत मोलेक असेल तर लोखंडात बारीक थरथर येते, ती हाताला कळते. रोहिमा चुकली तर म्हणून त्यानं ते शिकून ठेवलं होतं. पण नदी भरली की रूळच सतत थरथरतात, आणि तो हे सकाळी सहापासून जाणत होता.

लांब बोगद्याचं वरचं तोंड झाडीतून दिसलं. त्यानं ब्रेक आवळला, चाकं थोडी घसरली आणि थांबली. इंजिन बंद केलं. खाली उतरून कांब घेतली आणि रुळावर तीन ठोके दिले. मग गुडघ्यावर बसून तळवा टेकवला.

रूळ थरथरत होता. पण मागचाही थरथरत होता, बाजूचा सुटा पडलेला जुना तुकडाही.

त्यानं वर पाहिलं. बू वार्दिया मान कलती करून ऐकत होत्या. टोपलीचं झाकण बंद होतं. त्यांना झाकणाबद्दल काही माहीत नव्हतं, तरी त्यानं आधी झाकणच पाहिलं.

"बू," तो म्हणाला. दोन वर्षांत रोहिमाखेरीज कुणाला त्यानं हे विचारलं नव्हतं. "काही ऐकू येतंय?"

"नदी."

"नदीखेरीज?"

"खरं सांगू? मला नाही कळत. सगळं एकच घोंघावतंय. हेच इंजिन असेल तर मला ओळखता येणार नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "वाक, बस चुकेल हो. काही नाहीये आत." फहमी म्हणाला, "मी डोकावून येतो, उजेडबिजेड दिसला तर सांगतो."

"वळण आहे," सुहैमी म्हणाला. "उजेड दिसेल तेव्हा उशीर झालेला असतो."

तो उभाच होता. निघावं तर नऊदहा मिनिटांचा बोगदा, बहुतेक वेळा मोकळाच असतो, हेंगकी तांदूळ भरायला नेहमी उशीर लावतो. थांबावं तर किती? हेंगकी कधी येईल ते माहीत नाही. बस जाईल, आणि गावात प्रश्न येईल की मोकळ्या बोगद्याशी सुहैमी तासभर का बसला. तिसरा मार्ग होता तो फक्त एका प्रकारच्या माणसाचा: चालकानं मोलेक सोडून दिवा घेऊन बोगदा पायी पार करायचा आणि पलीकडच्या तोंडाशी रुळावर दिवा ठेवून परत यायचं. चालक पायी आत गेला याचा अर्थ या मार्गावर एकच होतो.

त्यानं चाकांखाली दगड लावले. ब्रेकचा दांडा दोरीनं बांधला. डोक्यावरचा दिवा लावला, दुसरा हातात घेतला.

"कुणी खाली उतरू नका," तो बू वार्दियांना म्हणाला. "मी येईपर्यंत कुणी दांड्याला हात लावायचा नाही."

"वाक," त्या म्हणाल्या, तो बघतोय याची खात्री करून. "सावकाश जा."

आत भिंत दोन्ही हातांना लागते. मोलेक आली तर अंग चोरायला मधेमधे कोनाडे खोदलेले आहेत, त्यातले काही ढासळलेत. सुहैमी रुळाखालच्या स्लीपरवर पाय टाकत चालला. त्याला स्वतःची पावलं ऐकू येत नव्हती. तो कोनाडे बघत होता, एक झाला की पुढचा कुठे ते. वळणाशी पोचला तेव्हा समोरची भिंत आधी करडी झाली, मग पिवळी.

तो कोनाड्यात गेला नाही. रुळांच्या मधे उभा राहून त्यानं हातातला दिवा डावी-उजवीकडे हलवायला सुरुवात केली.

हेंगकी तांदळाची पोती, डिझेलचं पिंप आणि मागे एक साथीदार घेऊन चढत होता. चढावर भरलेली मोलेक हळू असते, म्हणून थांबली. सुहैमीपासून दोनेक पावलांवर.

"मरायचंय का?" हेंगकी उतरला. पंचविशीचा, तोंडाळ, मंडळीत सगळ्यात लहान. "तीनदा ठोके दिले मी! तीनदा! कुणी उत्तर दिलं नाही म्हणून घुसलो. वाक, तुमची मोलेक कुठाय?"

"वर. बांधून ठेवलीये."

"बंद पडली?"

"नाही."

हेंगकीनं त्याच्या डोक्यावरचा दिवा पाहिला, हातातला पाहिला. तो वळला, आपल्या मोलेककडे गेला आणि पाठ करूनच साध्या आवाजात म्हणाला, "वाक, पिंपाला हात लावता का जरा?"

सुहैमी जागचा हलला नाही.

हेंगकी परत त्याच्यासमोर आला. "कधीपासून?"

"दोन वर्षं."

"आणि रोहिमाकाकू..."

"हो."

"अरे देवा," हेंगकी म्हणाला. "आणि आम्ही तिला केळेवाली म्हणून चिडवत होतो." तो हसला नाही. "वाक, मी हे संध्याकाळी मंडळीत सांगणार. मला सांगावंच लागेल. माझी बायको येते या रुळावरून."

"मी सांगतो."

"तुम्ही?"

"तू इंजिन सुरू कर. मी पुढे चालतो."

वरच्या तोंडाशी पाहुण्यांनी उतरून सुहैमीची मोलेक उचलायला हात लावला. तिच्यात माणसं होती, माणसं उतरू शकतात, पोती नाही. म्हणून तीच हलकी. फहमीनं उचलताना एक पाय चिखलात पुरता घातला. तांदूळ वर गेला. मग पुन्हा मोलेक रुळावर ठेवली आणि या खेपेला हेंगकीचा साथीदार, जो एरवी पोती उतरवतो, सुहैमीशेजारी पुढच्या बाकावर बसून खाली आला. बोगद्यात शिरण्याआधी त्यानं ऐकलं आणि मान हलवली. बस मिळाली. बसच्या पायरीवरून बू वार्दियांनी रिकामी टोपली परत दिली. काही बोलल्या, पण बसचं इंजिन सुरू होतं आणि त्यांचा चेहरा वळलेला होता.

संध्याकाळी तहलीलच्या आधी चालक कॉफीच्या टपरीत जमले. सुहैमीनं चार वाक्यांत सांगितलं. तोहिर तिथे होता. तो काहीतरी म्हणेल म्हणून सगळे थांबले. त्यानं कॉफीत साखर घातली आणि ढवळत बसला, बराच वेळ.

"मोलेक चालवायची पाळी कुणाकडे जाणार?" एकानं विचारलं. पाळी घरातच राहते असा नियम आहे, पण सुहैमीचा मुलगा बाताममध्ये कारखान्यात आहे आणि त्याला यायचं नाही.

रोहिमा भाताचं पातेलं कमरेवर घेऊन टपरीवरून चालली होती. ती थांबली.

"दोन वर्षं ऐकत कोण होतं?"

"ऐकणं वेगळं, काकू, ब्रेक वेगळा," हेंगकी म्हणाला.

"ब्रेक यांच्याजवळ बसून रोज बघते मी. आणि ऐकणं वेगळं कसं? तुम्हीच तर म्हणता कानानं चालवतात म्हणून." तिनं पातेलं दुसऱ्या कमरेवर घेतलं. "नको असेल तर नाही म्हणा. भात गार होतोय."

बाईनं ब्रेक धरल्याचं या मार्गावर कुणाला आठवत नव्हतं. धरू नये असाही नियम कुणाला आठवेना. थोडी वादावादी झाली, बांग झाली, सगळे उठले. सुहैमी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता. काय ठरलं ते त्याला, तोंडं वाचण्यात मुरलेल्या तोहिरनं हातांच्या खुणांनी सांगितलं.

उद्या सकाळी साडेसहाला लांब बोगद्याशी चाचणी आहे. खालच्या तोंडाशी कांब घेऊन हेंगकी उभा राहील, वरच्या तोंडाशी पाठ करून रोहिमा. नऊला चौथ्या पातळीची खाण पाहुण्यांसाठी उघडेल. दाखवायला सुहैमीच आहे. वाळू त्यानं आजच चाळून ठेवली आहे.